व्हिएतनामी आइस्ड कॉफी घरी पांचट का होते?

प्रश्न असा आहे: व्हिएतनामच्या सहलीहून फिन आणलं, म्हणजे तो छोटा धातूचा कॉफी गाळायचा डबा. तिथे प्यायलेली कॉफी दाट, कडक, चॉकलेटच्या वळणाची होती. घरी मात्र दोन चमचे फिल्टर कॉफी (८०:२० वाली, म्हणजे ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी, एका मुळाची भाजलेली पूड) टाकून वरून पाणी ओतलं की ते मिनिटभरात खाली येतं, आणि बर्फ घातल्यावर हाती लागतं गढूळ, गोड पाणी. साधं दूध-साखर घालून पाहिलं, कंडेन्स्ड मिल्कही घालून पाहिलं. मग चुकतंय कुठे, आणि ज्यांच्याकडे फिन नाही त्यांनी काय करायचं?

मी साडेतीन वर्षं सायगॉनमध्ये कपड्यांच्या निर्यातीच्या कामात होते. नकाशावर शहराचं नाव हो ची मिन्ह सिटी असलं तरी तिथली माणसं बोलताना सायगॉनच म्हणतात. परत आल्यापासून ठाण्यात शनिवार-रविवारी कॉफी करायला शिकवते. फिन पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवणाऱ्या दहांतल्या आठ जणांची तक्रार हीच असते. चूक बहुधा फिनची नसते आणि तुमच्या हाताचीही नसते. पावडर फार कमी आणि पाणी फार जास्त, एवढंच.

आधी हिशेब बघा. ही कॉफी बर्फात ओतण्यासाठीच केलेली असते. तिथल्या भाषेत तिचं नाव का फे सुआ दा: कॉफी, दूध, बर्फ. 'दा' म्हणजे खरं तर दगड, बर्फालाही तोच शब्द. फिनमधून आलेली ६० मिली गरम कॉफी आणि दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क पार थंडगार करायचं तर साधारण ५० ग्रॅम बर्फ वितळतो, म्हणजे फ्रिजच्या ट्रेमधले दोन-अडीच खडे. ६० मिली कॉफीत ५० मिली पाणी आलं! प्यायला सुरुवात करण्याआधीच ती जवळजवळ निम्मी पातळ झाली, आणि पुढे ग्लास हातात असेपर्यंत बर्फ विरघळत राहतोच. म्हणून मुळातली कॉफी नुसती चाखली तर तोंड वाकडं व्हावं इतकी कडक हवी. गरम असताना 'बरी' लागणारी कॉफी बर्फात गेली की मेलीच समजा.

माझं माप सांगते. एका ग्लासाला २० ग्रॅम पावडर, १०० मिली पाणी. मापाच्या १५ मिलीच्या चमच्याने सपाट साडेतीन ते चार चमचे होतात, पण खरं तर शे-दोनशे रुपये जास्त घालून छोटा वजनकाटा घ्या. कॉफीसाठी नाही तर केकसाठी उपयोगी पडेल. तुमचे दोन चहाचे चमचे म्हणजे फार तर पाच-सहा ग्रॅम. एवढ्याशा थरातून पाणी धो-धो उतरणार नाही तर काय होईल? त्याला अडवायला मध्ये काही आहेच कुठे.

१०० मिली ओतले आणि खाली ६० च आले म्हणून घाबरू नका. पावडर स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून बसते, २० ग्रॅमला ४० मिली. ते पिळून काढायचा प्रयत्न करायचा नाही, त्यात नुसता कडवटपणा उरलेला असतो.

आता करायची पद्धत. फिनचे चार भाग असतात: भोकांची बशी, तिच्यावर बसणारा डबा, आत घालायची जाळीची चकती आणि झाकण. आधी सगळं उकळत्या पाण्यातून काढा. ही पायरी लोक गाळतात आणि मग कॉफी कोमट होते, कारण पातळ पत्र्याचं थंड भांडं पहिल्याच पाण्याची ऊब खाऊन टाकतं. ग्लासात कंडेन्स्ड मिल्क आधी घालून ठेवा. डब्यात पावडर घाला, बाजूने दोन टिचक्या मारून सपाट करा, चकती वर ठेवा. दाबायची नाही, नुसती टेकवायची. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. मग पहिल्यांदा फक्त ३० मिली ओता, चकती ओली होऊन वर थोडं पाणी दिसेल इतकंच. चाळीसेक सेकंद हात आवरा. पावडर फुगते, तिच्यातला वायू निघून जातो, आणि फुगलेली पावडर मग पाण्याला वाट सोपी करून देत नाही. नंतर उरलेलं ७० मिली हळू ओता आणि झाकण ठेवा.

इथून पुढे कान द्यायचा. कंडेन्स्ड मिल्कवर पडणाऱ्या थेंबाला आवाज नसतो, तो बुडतो. थोड्या वेळाने दुधावर कॉफीचा थर साचला की टप, टप असा आवाज सुरू होतो. एकामागून एक सुटे थेंब, ही योग्य चाल. सगळं मिळून चार ते पाच मिनिटं लागली पाहिजेत. दोन मिनिटांत संपलं तर दळण जाड किंवा पावडर कमी. सात-आठ मिनिटं झाली आणि वर अजून पाणी आहे, तर दळण बारीक, किंवा चकती आवळलेली. चकती दोन प्रकारची मिळते, नुसती वजनाने बसणारी आणि मधल्या खिळ्यावर फिरवून आवळायची. दुसऱ्या प्रकारात लोक स्क्रू हाताला लागेल तेवढा पिळतात. अडलं तर चमच्याच्या टोकाने अर्धा फेरा सैल करा. पहिल्यांदा घेणाऱ्याने वजनाचीच घ्यावी असं माझं मत, त्यात चुकायला जागा कमी.

मात्र २० ग्रॅमवर गेलात की तुमच्या सध्याच्या पावडरीने नवीन दुखणं सुरू होईल: एकही थेंब पडणार नाही. कारण आपली फिल्टर कॉफी जवळजवळ पिठासारखी दळलेली असते. दाक्षिणात्य फिल्टरला ती चालते, तिथे अर्क उतरायला पंधरा-वीस मिनिटं गेली तरी कुणाची घाई नसते. फिनची भोकं मोठी, वेळ थोडा. त्याला लाडवाचा बारीक रवा नको, उपम्याचा रवा हवा. दुकानात असंच सांगा. मशीनवरचा आकडा दुकानागणिक बदलतो, उपम्याचा रवा सगळ्यांना कळतो. दळण घरी आणल्यावर चिमूटभर पावडर दोन बोटांत चोळून पाहा. खरखर जाणवली पाहिजे. बोटांना मैद्यासारखी चिकटली तर परत जा.

आणि पावडर कोणती? तिथल्या चवीचं गुपित बहुतेक इथेच आहे. व्हिएतनाम ब्राझीलच्या पाठोपाठ जगातला दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी पिकवणारा देश, आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त कॉफी रोबस्टा. रोप १८५७ मध्ये फ्रेंच मिशनऱ्यांनी आणलं, पण आजचा हा पसारा १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतरचा. बुओन मा थुओत हे मध्य पठारावरचं शहर त्याची राजधानी. रोबस्टा म्हणजे अरेबिकाच्या, कॉफीच्या दुसऱ्या मुख्य जातीच्या, जवळजवळ दुप्पट कॅफिन, आंबटपणा कमी, अंगाने जाड. नुसती गरम प्यायली तर रांगडी लागते; बर्फ आणि गोड दुधाच्या माऱ्यातही तिचा आवाज ऐकू येतो. नाजूक, फळांच्या वासाच्या महागड्या अरेबिकाने हीच कॉफी केली तर पैसे पाण्यात, शब्दशः.

आपल्याला त्यासाठी सायगॉनला जायची गरज नाही. भारतातही पिकणाऱ्या कॉफीत मोठा वाटा रोबस्टाचाच आहे. कोडगू, चिकमगळूर, वायनाड. वायनाडच्या रोबस्टाला तर २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. माटुंग्याला दाणे समोर दळून देणारी जुनी दुकानं अजून आहेत, तशी इतर शहरांतही सापडतात. फलकावर 'प्लांटेशन ए' लिहिलेलं असेल तर ती धुऊन वाळवलेली अरेबिका, ती आपल्याला नको. 'रोबस्टा, चिकोरी नको, भाजणी गडद, दळण उपम्याच्या रव्याएवढं' इतकं सांगायचं. पहिल्या वेळी दुकानदार माझ्याकडे असा पाहत होता की जणू मी पुरणपोळीला बेसन मागितलंय. आता न सांगता बांधून ठेवतो.

चिकोरीवाली अगदीच टाकाऊ, असं नाही. १९७५ नंतर अमेरिकेत गेलेल्या व्हिएतनामी कुटुंबांनी न्यू ऑर्लिन्सच्या कॅफे दु मोंदचा चिकोरी मिसळलेला डबा आपलासा केला, आजही त्यांच्या कित्येक खानावळींत तो दिसतो. चिकोरीने रंग आणि दाटपणा येतो. फक्त ती पाण्यात फुगून बसते आणि फिन तुंबवते. घरातली ८०:२० संपवायची असेल तर १५ ग्रॅम घ्या, चकती न दाबता ठेवा आणि वेळ लागेल हे धरून चाला.

चॉकलेटसारखी चव मात्र नुसत्या रोबस्टाची नाही. पारंपरिक व्हिएतनामी भाजणीत दाणे पार काळपट होईपर्यंत भाजतात आणि शेवटी त्यांना लोणी, साखर, कधी तांदळाची दारूसुद्धा चोळतात. त्याने दाण्यावर चकाकी येते आणि वासात खमंग, टॉफीसारखं काहीतरी उतरतं. (स्वस्त मालात भाजलेलं सोयाबीन आणि मकाही मिसळतात, म्हणून रस्त्यावरच्या प्रत्येक कॉफीला डोक्यावर घेऊ नका.) हे घरी करायचं का? मी केलंय. लोखंडी कढईत दाणे भाजून शेवटी चमचाभर साजूक तूप सोडलं. घर दोन दिवस दिवाळीसारखं दरवळत होतं, पण ग्राइंडरच्या पात्यांना काळी खळ बसली आणि उरलेल्या दाण्यांना आठवड्यात खवट वास आला. तेव्हापासून त्या नादाला लागले नाही. कुणी तिकडून येत असेल तर एक पाकीट मागवा, नाहीतर साधी गडद रोबस्टा घ्या आणि ग्लासात मिठाचे चार कण टाका. मीठ कडवटपणाची धार कमी करतं, चव गोलाकार होते. मध्य व्हिएतनाममधल्या हुए शहराची मिठाची कॉफी आता सगळीकडे पोचली आहे, तिच्यात हीच युक्ती फेटलेल्या सायीबरोबर वापरतात.

दुधाबद्दल एकच सांगणं: साधं दूध-साखर विसरा. व्हिएतनाममध्ये दुभत्या जनावरांची परंपरा आपल्यासारखी नव्हती, त्या हवेत ताजं दूध टिकायचंही नाही, म्हणून फ्रेंचांच्या काळापासून डब्यातलं आटवलेलं गोड दूध रुळलं. पुढे तीच चव झाली. आज तिथल्या टपरीवर 'ओंग थो' नावाचा, दाढीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र असलेला डबा हमखास दिसतो. आपल्याकडचं मिल्कमेड किंवा अमूल मिठाई मेट अगदी चालतं. साध्या दुधाने पुन्हा पाणीच वाढतं, आणि आपण सकाळपासून पाणी कमी करायच्या मागे लागलो आहोत. सुरुवात ३५ ग्रॅमपासून करा, म्हणजे सपाट दोन मोठे चमचे. ज्यांना साखरेची पथ्यं आहेत त्यांनी लक्षात ठेवावं की एवढ्यात जवळजवळ २० ग्रॅम साखर जाते. त्यांच्यासाठी काळी आवृत्ती आहे, का फे देन दा, नुसती कॉफी आणि बर्फ. उलट, ज्यांना कॉफी नावालाच हवी असते त्यांच्यासाठी सायगॉनच्या चिनी वस्तीतून आलेली बाक सिऊ: दूध भरपूर, कॉफी थोडी. माझ्या सासूबाईंना तीच आवडते. 'तुमच्या त्या काढ्यापेक्षा ही बरी' असं त्यांचं प्रमाणपत्र आहे.

आता शेवटचा भाग, ज्यात सगळे घाई करतात. माझ्या ऑफिसच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई बसायच्या. गुडघ्याएवढी प्लास्टिकची स्टुलं, एक लाकडी फळी, तिच्यावर ओळीने पाच-सहा फिनं. थेंब थांबले की त्या झाकण उलटं करून शेजारी ठेवायच्या आणि फिन त्या झाकणात बसवायच्या, म्हणजे उरलेले थेंब फळीवर नाहीत, झाकणात. झाकण मुळात त्यासाठीच तसं घडवलेलं असतं हे मला सहा महिन्यांनी कळलं, तोवर मी टेबलभर डाग पाडत होते. मग लांब दांड्याचा चमचा ग्लासात तळाशी घालून त्या ढवळायच्या, वरवर नाही, तळ खरवडून, दूध आणि कॉफी एकजीव होऊन रंग जुन्या सागवानासारखा होईपर्यंत. आणि मग बर्फ. आधी बर्फ घातला तर थंड कंडेन्स्ड मिल्क तळाला डिंकासारखं धरून बसतं आणि तुम्ही वरची कडू कॉफी पीत राहता. एवढी एक गोष्ट उलटी केल्यामुळे बिघडलेले ग्लास मी किती पाहिले! सोबत त्या न मागता फिक्या चहाचा बर्फ घातलेला एक ग्लास ठेवायच्या. कॉफी घोट-घोट अर्धा तास चालायची, तहान चहावर भागायची.

बर्फ ग्लास काठोकाठ भरेल इतका घ्या. लोक पाणी होऊ नये म्हणून दोनच खडे टाकतात, त्याने उलट होतं: दोन्ही खडे पूर्ण वितळतात आणि कॉफी धड थंडही होत नाही. भरपूर बर्फ असला तर कॉफी झटकन थंड होते आणि उरलेला बर्फ सावकाश वितळतो. तो बर्फ झाकणाच्या ट्रेमधला असू द्या. शेजारी सुरमई आणि आलं-लसणाची पेस्ट ठेवलेली असेल तर बर्फाला ते सगळं कळलेलं असतं, आणि कॉफीलाही कळतं.

फिन नसलेल्यांसाठी: दाक्षिणात्य स्टीलचा फिल्टर सगळ्यात जवळचा. २५ ग्रॅम पावडर, थोडं जाड दळण, १२० मिली पाणी, वीस मिनिटं. अर्क तितकाच कडक येतो, फक्त कोमट होतो, म्हणून दूध विरघळवायला ग्लास गरम पाण्यात उभा ठेवून ढवळावं लागतं. मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढायचं भांडं, असेल तर तोही उत्तम. दोन्ही नसेल तर चहाचं फडकं! गंमत म्हणजे सायगॉनच्या चो लॉन भागातली फिनपेक्षा जुन्या वळणाची कॉफी कापडी पिशवीतच करतात, 'का फे व्होत' म्हणतात तिला. पातेल्यात १२० मिली उकळतं पाणी, २५ ग्रॅम पावडर, झाकून चार मिनिटं, मग स्वच्छ मलमलच्या फडक्यातून गाळायचं. फडकं कॉफीसाठी वेगळं ठेवा, चहाचं वापरलंत तर वेलची-आल्याची कॉफी प्याल. इन्स्टंट पावडरचं विचाराल तर ५० मिली गरम पाण्यात भरलेले दोन चमचे, बाकी कृती तीच. ती ही कॉफी नव्हे. मे महिन्यात दुपारी तीनला चालते, एवढंच म्हणेन.

जपून मात्र प्या. २० ग्रॅम रोबस्टात ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन असतं. सगळं ग्लासात उतरत नाही, पण बराच भाग उतरतो. आणि निरोगी मोठ्या माणसाला दिवसभराची मर्यादा साधारण ४०० मिलिग्रॅमच सांगितली जाते. गरोदर बायकांसाठी ती याच्या निम्मी. ग्लास लहान दिसतो म्हणून दुसरा भरू नका. माझ्या एका वर्गातल्या काकांनी कौतुकाने संध्याकाळी सहाला दोन ग्लास घेतले आणि पहाटे चार वाजता मला मेसेज पाठवला, 'झोप लागत नाही, पण चव अप्रतिम होती.'

फिन धुताना तारेची घासणी लावू नका. भोकांत अडकलेली पावडर जुन्या टूथब्रशने मागच्या बाजूने काढा, वाहत्या पाण्याखाली, आणि भाग सुटे करून पुसा. ॲल्युमिनियमचं असेल तर रात्रभर ओलं ठेवू नका, काळं पडतं. उघडलेल्या डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क काचेच्या बाटलीत काढून फ्रिजमध्ये ठेवा. आणि पुढच्या वेळी मला विचाराल तेव्हा आधी तीन आकडे सांगा: पावडर किती ग्रॅम, पाणी किती मिली, शेवटचा थेंब किती मिनिटांनी पडला.